पडद्याकडे पाठ

शेळके मास्तर पडद्याकडे पाठ करून सिनेमा बघत. नगरमधली आमची फिल्म सोसायटी त्यांनीच काढलेली. रिळांच्या पेट्या पुण्याहून एसटीने तेच आणत. आणि शाळेच्या हॉलमधले दिवे गेले की हेच गृहस्थ पडद्याशेजारच्या दारात खुर्ची टाकून, आमच्याकडे तोंड करून बसत. पायाशी वाळूची बादली.

"फिल्म पेटली तर? काय सांगावं!"

"काय सांगावं" हे त्यांचं पालुपद. चहा वाफाळता आला तरी काय सांगावं, निवून आला तरी काय सांगावं. शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी भूगोल. पण सिनेमाची परीक्षा ते आमच्या तोंडांवरून अचूक करत. "आज हेडबाईंनी डोळ्याला पदर लावला न्हाई. पडेल चित्र," असा निकाल बाहेर पडता पडता मिळे.

बांगलादेशाची लढाई नुकतीच संपली होती. खिडक्यांवरचे ब्लॅकआउटचे काळे कागद अजून निघाले नव्हते. अशात पुण्याहून तैवानचा सिनेमा आला. पेटीवरची चिनी अक्षरं बघून मास्तरांना दरदरून घाम फुटला. त्यांनी ती पेटी गोधडीत गुंडाळून स्टँडवरून टांग्याने आणली.

"अहो, लष्कराचं गाव हे. चिनी सिनेमा दाखवला म्हणून धरून नेलं तर?"

"मास्तर, तैवान वेगळं, चीन वेगळं. दोघांचं हाडवैर आहे. हवं तर मी नकाशा आणतो."

"हवालदार नकाशा बघून धरतो व्हय?"

मी त्यांची समजूत घातली. जगाच्या सिनेमात जपानला पुढची खुर्ची, फ्रान्सला तर राखीवच. तैवानचं नाव कुणी काढत नाही, म्हणून तर बघायचा.

"म्हणजे माझ्यासारखं, दाराशी बसलेलं," ते म्हणाले. पण पेटीवरची गोधडी काही त्यांनी काढली नाही.

त्यांची खरी भीती खेळाच्या संध्याकाळी कळली. त्यांचा धाकटा भाऊ विठ्ठल चीनच्या लढाईत बेपत्ता झाला होता. गावाकडे त्यांच्या आईने त्याला अजून गेलेला मानलं नव्हतं. आणि नगरला चिनी सिनेमा लागतोय, ही बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"आई येतीय. म्हणती, त्यो मुलूख बघायचाय. रद्द करा हो खेळ! तिला त्यात विठ्ठल दिसल्यासारखं झालं तर?"

"सिनेमा आहे तो, मास्तर."

"मलाबी दिसायचा." ते खाली बघत म्हणाले. "खेळाआधी समाचारचित्र लागतं ना, त्यात मी त्याला हुडकायचो. एकदा एक जवान पाठमोरा दिसला. अगदी त्याचीच चाल. वाटलं, आता वळंल. वळलाच न्हाई. तवापासून मीच पाठ फिरवून बसतो."

आता मलाही त्या खेळाची धास्ती वाटू लागली. तोवर म्हातारी दारात उभी होती. आम्ही तिला पुढच्या रांगेत बसवलं.

दिवे गेले. बाहेर एक जीप थांबली, तेव्हा सगळा हॉल चिडीचूप झाला. ती निघून गेल्यावर कुठे खोकले सुरू झाले. पडद्यावर भाताची खाचरं, म्हैस आणि वेळूची टोपी घातलेली एक बाई. मुलगा पलटणीत गेलेला. ती रोज त्याचं जेवण वाढून ठेवी आणि दारात उभी राही. खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. मास्तरांच्या आईला ती वाचता येत नव्हती आणि तिचं काही अडलंही नाही. मास्तर तिच्या तोंडावरची नजर काढत नव्हते. इतका भ्यालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"हिचा बी न्हाई आला व्हय?" म्हातारी मोठ्याने म्हणाली.

कुणीही हसलं नाही. मग तिचं लक्ष लेकाकडे गेलं.

"गणपत, असा उलटा का बसलास? हिकडं ये."

"नगं आई."

"ये. भिऊ नगंस. मी हाय की."

मास्तर उठले. बादली तिथेच ठेवून त्यांनी खुर्ची ओढली आणि आईशेजारी, पडद्याकडे तोंड करून बसले. म्हातारीने त्यांचा हात आपल्या मांडीवर घेतला. पडद्यावरची बाई दाराबाहेर बघत होती आणि खेळ संपेपर्यंत हे दोघंही तिच्याबरोबर वाट बघत होते.