बार कोरडा होता!

जुन्या बंदुका ओळखणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी सासुरवाडीत जेवणाच्या टेबलावर छाती फुगवून सांगितलं आणि तिथेच फसलो! दिवाणखान्यात भिंतीवर चकमकीची जुनी लष्करी बंदूक होती. ती संग्रहालयाला द्यायची, असं सासूबाईंनी ठरवलं होतं. तिथल्या तज्ज्ञ बाई दुपारी बघायला येणार होत्या.

"त्याआधी मी तपासून ठेवतो."

"कशाला? आहे तिथे छान आहे ती!" सासरे घाईघाईने म्हणाले.

पण मी ऐकतो थोडाच! बंदूक उतरवली, भिंग लावलं. "हा बघा, घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मुकुटाचा शिक्का! म्हणजे सरकारी कारखान्यातली. दस्त्याच्या पितळेवर आकडा, तो पलटणीचा. गंज बेताचा, लाकूड शाबूत. आणि या खाचा? तलवारीचे वार!"

"उंदराने कुरतडलंय," बायको म्हणाली.

मी तिकडे काणाडोळा केला आणि नळीत सळई सोडली. नळी जेवढी लांब, तेवढी सळई आत जायला हवी. ती चांगली वीतभर आधीच अडली! पुन्हा सोडली, पुन्हा अडली!

"बंदूक भरलेली आहे!"

"अगं बाई! आणि मी रोज हिच्याखाली बसून भाजी निवडते!" सासूबाई किंचाळल्या.

"काहीतरीच काय!" सासरे म्हणाले.

"बाबा, जुनी दारू आहे, भरवसा नाही! आत पाणी ओततो."

"पाणी? खबरदार!" सासरे वाघासारखे मध्ये आले. "तुम्ही सगळे बाहेर जा. मी थांबतो तिच्यापाशी. एकटा!"

सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "कधी चहाचा कप उचलून ठेवला नाही हो या माणसाने, आणि आज आपल्यासाठी जीव द्यायला निघालाय!"

शेवटी मी आणि बायकोने त्यांना दोन्ही दंडांना धरून कपाटासारखं बाहेर ओढलं. मी जिन्यात बोंब ठोकली. अख्खी इमारत रस्त्यावर! कुणी नेसत्या टॉवेलनिशी, कुणी पोपटाचा पिंजरा घेऊन.

एवढ्यात तज्ज्ञ बाई आल्या. शांतपणे वर गेल्या. आम्ही दारातून माना लांब करून बघत होतो. त्यांनी नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं, टोकाला स्क्रू असलेली सळई आत फिरवली आणि ओढली. आधी एक रुमाल आला. मग बंदूक उलटी करताच आतून घरंगळत आली एक सिगारेट. मग दुसरी. मग पाकीटभर!

"बार अलीकडचा दिसतोय," बाई म्हणाल्या. "आणि अगदी कोरडा आहे."

"तुम्ही तर केव्हाच सोडली होती ना?" सासूबाईंनी विचारलं. खरा स्फोट त्यानंतर झाला!

बंदूक संग्रहालयात गेली. सासरे माझ्याशी बोलेनासे झाले. सासूबाईंचा मात्र माझ्यावर फार जीव जडला. गेलो की घरातली एकेक पोकळ वस्तू पुढे करतात : छत्रीचा दांडा, टेबलाचे पाय. गेल्या रविवारी पडद्याचा पाइप होता. सळई मध्येच अडली. मी हळूच सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्राआडून हात जोडले. शेवटी मीही माणूसच!

"रिकामा आहे, आई!"

सासूबाईंनी पाइप माझ्या हातातून घेतला आणि उलटा केला.

आता सासरे माझ्याशी बोलतात. त्यांच्याशी बोलणारं घरात दुसरं कुणी उरलेलं नाही, आणि माझ्याशीही!