वाघमारे सरांचा खादाड ढीग

वाघमारे सर जेवायला येणार असले की आमच्या घरात लिंबं लपवून ठेवावी लागतात. चांदीची वाटी उघड्यावर राहिली तरी चालेल, लिंबू राहता कामा नये. दिसलं की सर ते उचलणार, खिशातला चाकू काढून कापणार आणि वरणावर पिळायचं सोडून खाली वाकून फरशीवर पिळणार. मग कान फरशीजवळ नेऊन म्हणणार, "बघू, खाल्लंय का न्हाई."

आमची फरशी शहाबादी, म्हणजे मुळात चुनखडीच, ती फसफसतेच. "खाल्लंय!" असं सर आनंदानं जाहीर करतात आणि डाग आमच्याकडे कायमचा राहतो. पुतण्यासाठी मुलगी बघायला हुमनाबादला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून मी सरांना बरोबर नेलं, ही माझीच हौस. मुलीच्या घरी फरशीला नवं पॉलिश होतं आणि पोह्यांबरोबर लिंबाची फोड आली. सोयरीक जुळली, पण अक्षता पडेपर्यंत मुलीचा बाप आमच्याशी फरशीबद्दलच बोलत होता.

सर दुबलगुंडीतले आमचे शेजारी आणि माझे विज्ञानाचे मास्तर. शाळेत त्यांच्याकडे ॲसिडची बाटली असायची. निवृत्त झाल्यावर बाटली शाळेत राहिली आणि खिशात लिंबू आलं. त्यांचं म्हणणं असं, की पावसाचं पाणी हवेतला धुराचा वायू पिऊन किंचित आंबट होतं. ते आपल्याकडच्या काळ्या दगडात मुरलं की दगडातला चुना त्या वायूला धरतो आणि दोघांचा मिळून पांढरा थर बसतो. वायू पुन्हा बाहेर पडत नाही. लिंबू पिळून थर फसफसला, तर दगडानं वायू खाल्ला असं समजायचं. "दगडाला भूक आसती बघ," सर सांगत. "जितका बारीक दगड, तितकी भूक जास्त."

बारीक दगडाला गावात तोटा नव्हता. बंद पडलेल्या खडी क्रशरमागं काळ्या भुकटीचा घराएवढा ढीग पडून होता. सरांनी तो दत्तकच घेतला. रोज सकाळी घागरीनं पाणी घालायचं, खोऱ्यानं वरचा थर उकरायचा आणि लिंबू पिळून बघायचं; ढीग काही फसफसत नव्हता. लेकरू पेरलेलं बी रोज उकरून बघतं, तसला प्रकार. लिंबं कमी पडली की तिठ्यावर कुणी उतरून टाकलेलं लिंबू सर खुशाल उचलत. विहारात भानामतीविरुद्ध भाषणं करणारा माणूस तो. "फुकटचं लिंबू हाय, सोडायचं कामून?" पिळलेल्या फोडी ते ढिगावरच टाकत.

लोक हसायचे. सरांची बायको, आमची सुमनअक्का, मात्र हसायची नाही. त्यांचा एकुलता एक मुलगा आनंद आखातात सिमेंटच्या कारखान्यात भट्टीवर होता. तो निघाला तेव्हा सरांनी दारातच त्याला सुनावलं होतं, "चुनखडी जाळून तिच्यातला त्योच वायू भाईर सोडायचा धंदा! मी जन्मभर काय शिकवलो, आन तू काय करायलास?" पोरगं मान खाली घालून गेलं. तेव्हापासून त्याच्याशी फोनवर फक्त अक्का बोलायची. सर तेवढा वेळ अंगणात उभे राहायचे, अगदी उन्हात. एकदा अक्कानं धरूनच विचारलं तेव्हा म्हणाले, "ढीग फसफसू दे. मग मीच फोन लावतो. तवर न्हाई."

म्हातारा हट्टाला पेटलाय, आपलंच खरं होतं हे पोराला दाखवायचंय, असं सगळं गाव समजलं. मीही त्यातलाच.

आणि एक दिवस क्रशरच्या मालकानं ढीग विकला. जवळच्याच कोळारला कुठल्याशा गोदामाच्या भरावासाठी तो जाणार होता. सर मालकाकडे जाऊन आले, हात हलवत परतले. सकाळी लोडर आणि टिप्पर येऊन उभे राहिले, तेव्हा सरांचा चेहरा बघवत नव्हता. नव्या ढिगाला पुन्हा कितीतरी पावसाळे द्यावे लागले असते आणि सरांचं वय काही थांबणार नव्हतं. फोन राहूनच गेला असता.

लोडरनं मागच्या बाजूनं, जिथं सरांचं खोरं कधी पोचलं नव्हतं, पहिला घास घेतला. वरची भुकटी घसरली आणि तिच्याबरोबर लिंबाच्या वाळक्या फोडी गडगडत खाली आल्या. दहा-वीस नव्हे, टोपलीभर. काही हळदकुंकवासकट. ड्रायव्हर कलबुर्गीकडचा कानडी माणूस. त्यानं इंजिन बंद केलं आणि कपाळाला हात लावला. "बेडप्पा, बेड! नको हे काम. करणी हाय हितं!"

झालं, काम फत्ते. आता गप्प बसायचं, एवढंच सरांच्या हातात होतं. पण भानामतीचं नाव निघाल्यावर ते गप्प कसले बसतात? धावत पुढं गेले. मी त्यांचा शर्ट ओढत होतो.

"आरं थांब! करणी बिरणी काय न्हाई! लिंबं म्याच टाकलोय!"

ड्रायव्हर आणखी मागं सरला.

"ह्यो ढीग कुणाला काय करत न्हाई बाबा! ह्यो निस्ता खायलाय!"

"खायलाय?" ड्रायव्हर ओरडला. "काय खायलाय?"

"हवा! तू सोडलेला श्वास बी खाईल!"

लोडर आणि टिप्पर ज्या वेगानं गेले, तो वेग मी आमच्या रस्त्यावर परत पाहिला नाही. गोदामवाल्यानं पुढं दुसऱ्या क्रशरवरून भराव नेला. आमच्या ढिगाला हात लावायला कुणी तयार होईना.

"अंधश्रद्धेनं वाचलो की रं," सर खजील होऊन म्हणाले आणि मटकन खाली बसले. बसले ते लोडरनं कापलेल्या जागेसमोर. वीतभर आत, काळ्या भुकटीत, पांढऱ्या रेघा होत्या. जिथं रोज कुणी उकरलं नव्हतं, तिथं थर निवांत बसला होता.

सरांनी खिशातलं लिंबू काढलं. चाकू काढायचं त्यांना सुचेना, मीच कापून दिलं. थेंब पडले आणि रेघ बारीक फसफसली. सर हसले नाहीत, "खाल्लंय" म्हणाले नाहीत. म्हणाले, "पोराचा नंबर हाय का तुझ्याजवळ?"

मी फोन लावून दिला. आता पोराला भाषण ऐकावं लागणार म्हणून मी जरा बाजूला झालो, पण सरांचा आवाज वर्गातलाच, सगळं ऐकू येत होतं.

"आनंदा, मी बोलायलोय. तुझा आप्पा." सरांनी त्या पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं. मग सर म्हणाले, "हिकडचा दगड खायलाय बघ. थोडं खाल्लंय, पर खाल्लंय. तू जिवाला लावून घिऊ नको. भट्टीवर निवांत काम कर. तू सोडलेलं जमंल तितकं मी हिकडं धरून ठिवायलोय."

तिकडून पोरगं काय म्हणालं ते मला कळलं नाही. सरांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि एवढंच म्हणाले, "व्हय, जेवतो. तू बी जेव." मला एकदम इतकं हलकं वाटलं, की मीच ढिगावर बसकण मारली.

त्याच दुपारी अक्का आणि सर दोघंही आमच्याकडे जेवायला होते. गडबडीत बायको लिंबू लपवायचं विसरली. सरांनी ते उचललं, कापलं, फरशीकडं एकदा बघितलं आणि वरणावर पिळलं.