एका शब्दाची तार

धसईच्या कुंडलिकच्या ओसरीवर सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. सापगावचे वाळूबा आपल्या लेकासाठी त्याच्या मुलीला, चंदाला मागायला आले होते. चंदाच्या मनात कोण आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. वाळूबांनी अडकित्ता उचलला आणि तारवाला दारात हजर.

त्या काळात खेड्यात तार यायची ती मरणाचीच. तार वाचल्याशिवाय सुपारी फोडायची नाही, सुतकात सोयरीक नको, असं वाळूबांनी बजावलं.

तार मुंबईहून चंदाच्या मामेभावाची, दामूची होती. मजकूर एका शब्दाचा. गावात इंग्रजी येणारे एकटे म्हातारे गुरुजी. ते जाडजूड कोश काखोटीला मारून आले.

शब्द होता ‘वेट’. आता अर्थ सांगून मोकळं व्हावं की नाही? पण आधी कूळ, मग अर्थ, ही गुरुजींची रीत. हा शब्द फ्रान्सातून आला, तिथे त्याचा अर्थ पहारा देणं, असं म्हणता म्हणता त्यांचे डोळे मिटले. त्यांना किल्ल्याचा तट दिसू लागला, तटावरचं धुकं दिसू लागलं.

“आन् त्याच्या आधी, गुरुजी?” दाराआडून चंदाने विचारलं.

असा विद्यार्थी गुरुजींना उभ्या जन्मात मिळाला नव्हता. “त्याच्या आधी जागणं. नुसतं जागं राहणं.”

“जागरन? कुनाच्या उशाशी?” वाळूबा चरकले. चंदाच्या आईला, सकुबाईला, मुंबईतल्या भावाचा खोकला आठवला आणि तिने गळाच काढला. गुरुजी तटावरच होते, चंदा विचारतच होती. शेवटी मुरबाडच्या परतीच्या मोटारीचा भोंगा वाजला, तसे वाळूबा सुपारी खिशात घालून उठले. सुतक फिटल्यावर बघू म्हणाले आणि गेले.

“मेलंय कोन पन?” कुंडलिकने विचारलं.

“मरतंय कशाला? थांबा म्हणतोय तो,” गुरुजी डोळे उघडून म्हणाले.

कुंडलिकने कपाळावर हात मारला.

चंदा चहा घेऊन आली. “मला ठावं होतं, गुरुजी,” ती हळूच म्हणाली. “दामू मागनी घालाया येनार हाय. तार धाडीन, एकच शब्द, बोलला होता.”

“मग एवढं विचारलंस कशाला?”

“मोटार जाईस्तवर कायतरी विचाराया नको?”

गुरुजींचा चेहरा उतरला. चंदाला वाईट वाटलं. “पन ते जागनं पटलं, गुरुजी. तो गेल्यापासनं माजं तेच चाललंय.”

गुरुजींनी कोश उघडला, शब्दासमोर पेन्सिलीने तिचं वाक्य लिहिलं आणि दुसऱ्या कपाची वाट बघत बसले.