वर-खाली नसलेली पत्रिका

बबनअण्णांच्या घरी पाचजण चहाला बसले असतील तर चहा थंडच प्यावा लागतो. ट्रे आधी कोणापुढे न्यायचा याचा निकाल लागल्याशिवाय अण्णा तो उचलत नाहीत. वयानं मोठा कोण, नात्यानं मोठा कोण, लांबून आलेला कोण, मागच्या खेपेला शेवटचा कप कोणाच्या वाट्याला गेला होता, हे सगळं ते स्वयंपाकघराच्या दारात डोळे मिटून ठरवतात. एकदा एकाच घरचे दोन जावई एकदम आले. अण्णांनी दोघांच्या मधोमध स्टूल मांडलं, त्यावर ट्रे ठेवला आणि म्हणाले, "मी तीन म्हणंस्तवर कुणी हात लावायचा न्हाई. मग दोघांनी बरूबर उचलायचा."

"जगात जेवढी भांडणं हायेत ना सूनबाई, ती समदी वर-खालीची हायेत," असं त्यांचं तत्त्वज्ञान आहे. मी त्यांची सून नाही. लग्न होऊन पेठ गावात आले ती त्यांच्या शेजारच्या घरात, म्हणून त्यांची सूनबाई. अण्णा एकटेच राहतात. त्यांची बायको मी इथे येण्याआधीच गेली. थोडी बागायत आहे, ती वाट्यानं दिलेली. उरलेला सगळा वेळ त्यांनी गावाच्या मानपानाला वाहिलेला आहे.

आमच्या भागात लग्न ठरलं की आधी आचारी ठरत नाही, आधी अण्णा ठरतात. पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर हे ते ठरवणार आणि लग्नाच्या दिवशी माईकही त्यांच्याच हातात. "मांडवात अमुक अमुक यांचं आगमन झालेलं आहे, त्यांचं सहर्ष स्वागत!" हे त्यांनी एवढ्यांदा म्हटलं आहे की नवरदेवापेक्षा पाहुण्यांनाच जास्त टाळ्या मिळतात. मंगलाष्टकं चालू असताना एखादा माजी सरपंच आला, तर भटजींनाही थांबावं लागतं. माझ्या शहरी माहेरच्या लोकांना हा प्रकार समजत नाही. मलाही पहिली दोन लग्नं समजला नव्हता.

अशा माणसाला वेबसाइट बनवायला शिकण्याची वेळ आली ती सुमीमुळे.

सुमी म्हणजे आमच्या आळीतल्या किसनभाऊंची धाकटी मुलगी. तिच्या थोरल्या बहिणीच्या लग्नात पत्रिका शहरातून छापून आणली होती, अण्णांना न दाखवता. तिच्यात पिंपळवंडीच्या मामाचं नाव वर आणि सख्खे थोरले चुलते नाना खाली. नाना भरल्या ताटावरून उठले, बायकोला उठवलं आणि घरी गेले. घर तीन दारं सोडून. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणं नाही. आता सुमीचं लग्न ठरलं. नानांना वर घ्यावं तर मामा येणार नाही, आणि मामाशिवाय नवरीला बोहल्यावर आणणार कोण?

सुमी अण्णांच्या ओट्यावर येऊन बसली. "नानांनी मला सायकल शिकवली अण्णा. सीट धरून धावायचे मागं. मला नानाबी पायजेत आन मामाबी. एक जरी न्हाई आला तरी मी अंतरपाटामागं हुबी ऱ्हाणार न्हाई."

अण्णांनी कागद घेतले. नावं आडवी मांडली, तर डावीकडचा आधी वाचला जातो. तिरकी मांडली, तर एक टोक वर जातंच. शेवटी थाळी पालथी घालून गोल काढला आणि नावं गोलात बसवली. मला वाटलं सुटलं. अण्णांनी मान हलवली. "गोलातबी बारा वाजताची जागा असतीच की, सूनबाई."

दुसऱ्या दिवशी ते मंचरला, मी कॉम्प्युटर शिकवते त्या वर्गात हजर. "कागदाला वरची बाजू असतीच. मला बिनकागदाचं काय तरी शिकवा."

आता हल्ली वेबसाइट बनवायला प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. तयार चौकोन उचलायचे, हवे तिथे ठेवायचे, झाली साइट. पण अशी साधनं इतकी निघाली आहेत की कोणतं शिकावं यातच मुलांचा निम्मा कोर्स जातो. "म्याडम, कोणतं शिकू?" हा प्रश्न मला रोज येतो आणि माझं उत्तर पाठ आहे: सोपं असेल ते, फुकट असेल ते, आणि पुण्यातल्या कंपन्या मागतील ते. अण्णांनी हे शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "त्ये ऱ्हाऊ द्या. त्याच्यात कुणी कुणाच्या खाली जातं का, येवढंच सांगा."

हे मला माहीत नव्हतं. कोणत्याच पुस्तकात हे लिहिलेलं नाही.

मग त्यांनी स्वतःच एकेक साधन पाहायला सुरुवात केली, स्थळं पाहावीत तशी. इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी सगळ्यांची बारशी केली. पहिलं 'रेडिमेड'. त्यात लग्नाचा नमुना तयार होता: गवतावर अनवाणी उभे असलेले परदेशी नवरा-नवरी आणि खाली दोन नावांची जागा. अण्णा बराच वेळ बाकीची जागा शोधत राहिले. "दोनच नावं? लगीन काय दोघांचंच असतं व्हय? हे लगीन न्हाई, ही कोर्टाची तारीख हाय."

दुसरं 'मोकळं रान'. हे चित्रं काढायचं साधन. कोऱ्या पानावर काहीही करा. अण्णा यात रमले. गणपती, केळीचे खांब, दोन मोर, मोरांच्या गळ्यात हार. वर्गातल्या मुली येऊन रंग सुचवायला लागल्या. पत्रिका अशी देखणी झाली की मी ती आजही मुलांना दाखवते. पण पूर्ण झाल्यावर अण्णा तिच्याकडे बघत सुस्कारा टाकून म्हणाले, "हा कागदच हाय राव. निस्ता काचंत घातलाय."

तिसऱ्याचं नाव त्यांनी 'जावईबापू' ठेवलं. दिसायला रुबाबदार, पण प्रत्येक पावलाला पैसे भरून वरचा प्लॅन घ्या म्हणून अडून बसायचं. "आहेराशिवाय उंबरा वलांडत न्हाई," म्हणून अण्णांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. चौथा होता 'गवंडी'. ओबडधोबड, बटणं कुठे आहेत ते लवकर सापडत नाहीत. पण मागे माहिती भरायचा एक तक्ता, पुढे पान, आणि तक्त्यातलं काय कुठे लावायचं ते आपल्या हातात. मी सांगितलं, हे अवघड आहे, याच्या वाटेला जाऊ नका. अण्णा म्हणाले, "काम येणारा गवंडी कवा गोड बोलतो का?"

आणि ते तो शिकले. चुकले, पुसलं, पुन्हा केलं. वर्गातली तरुण मुलं कंटाळून मोबाइल काढायची तेव्हा अण्णा चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावून बसलेले असायचे. शेवटी त्यांनी दोन खांब उभे केले: डावीकडे नाना, उजवीकडे मामा. खिशातून फूटपट्टी काढली आणि माझ्या मॉनिटरवर ठेवून दोन्ही नावांची उंची मोजली. एका रेषेत. डाव्या-उजव्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "चुलता बापाच्या हाताला, मामा आईच्या हाताला. त्याला कुणी नाव ठेवणार न्हाई." त्याच आनंदात त्यांनी दोघांना लिंक पाठवून दिली.

संध्याकाळी पिंपळवंडीहून मामाचा फोन आला. अण्णांनी स्पीकर चालू केला. आवाज इतका होता की त्याची गरज नव्हती.

"अण्णा, मला नानाच्या खाली ढकललं व्हय?"

"कुठं खाली? फूटपट्टीनं मोजलंय मी!"

"हितं मोबाइलात बगतोय की! वर नाना, खाली मी!"

चूक माझी होती. मोठ्या पडद्यावर शेजारी-शेजारी बसलेले चौकोन मोबाइलवर जागा पुरत नाही म्हणून एकाखाली एक जातात. हे मी मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवते आणि अण्णांना सांगायची विसरले. मी घाईनं फोन आडवा धरायला सांगितला. मामानं धरला. "आता बरूबर हाय," तो म्हणाला. जरा थांबून त्यानं विचारलं, "मग माझ्या पावण्यांना काय सांगू? आडवं पडून पत्रिका वाचा?"

फोन ठेवल्यावर अण्णा ओट्यावरून उठले आणि आत जाऊन दिवा न लावता बसले. नंतर चहा आणला, तोही आधी कोणाला हे न ठरवताच पुढे केला. सुमीला काय सांगायचं, हे आमच्या दोघांच्याही मनात होतं.

सकाळी ते पुन्हा माझ्या वर्गात. "त्या मागच्या तक्त्यात नावं कुठल्या वळीनं लावायची ते कुठं सांगायचं असतं?"

मी क्रमाची खिडकी उघडली आणि एकेक पर्याय वाचून दाखवला. अक्षरांप्रमाणे. तारखेप्रमाणे. आणि शेवटचा, ज्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही: कसाही.

"कसाही म्हंजे?"

"म्हणजे पान उघडेल तेव्हा यंत्र स्वतःच पिसतं अण्णा, पत्ते पिसल्यासारखं. कोणाचंही नाव पहिलं येईल."

"दर वेळी येगळं?"

"दर वेळी."

अण्णा खुर्चीवरून उठून उभे राहिले. वर्गात मुलं होती, त्यांना वाटलं आजोबांना काही होतंय. "म्हंजे ज्याला त्याला आपलं आपलं वर," ते म्हणाले, "आन कुणाचंबी कायमचं न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा शोध मीच लावला असावा. मला मात्र लाज वाटली. एवढी वर्षं तो पर्याय मी 'याचा उपयोग नाही' म्हणून ओलांडत आले होते.

वर-खाली संपलं तशी जागेची टंचाईही संपली. अण्णांनी सगळं गणगोत तक्त्यात भरलं. पुरुषांमागे 'सौ. व श्री.' म्हणून लटकणाऱ्या बायकांनाही वेगळी वेगळी जागा दिली. "जागा हाय तर कशाला दाटी," म्हणाले. नावांचा एकच ढीग, आणि दर वेळी नवा पिसलेला.

लिंक गावात गेली आणि गावानं दोन दिवस दुसरं काम केलं नाही. जो तो आपलं नाव पहिलं येईपर्यंत पान उघडत राही, आलं की पडद्याचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप गटावर टाकी. दूधवाल्यानं टाकला, पोलिसपाटलांनी टाकला, किसनभाऊंच्या दूरच्या साडूंनी तर चौकटीत घालून टाकला. नानांच्या फोनवर नाना पहिले आले. त्यांनी तो फोटो मामाला पाठवला, एक अक्षर न लिहिता. मामाच्या फोनवर तोवर मामा पहिला आला होता. त्यानंही तसाच बिनशब्दांचा फोटो उलट पाठवला. आपला फोन खरा आणि समोरच्याचा जुनाट, याबद्दल दोघांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

लग्नाला दोघेही आले, आणि दोघेही जिंकून आले. नव्या फेट्यात, छाती पुढे काढून. "मांडवात नानांचं आगमन..." म्हणताना अण्णांचा आवाज पुणे-नाशिक रस्त्यापर्यंत गेला असेल. मामानं सुमीला बोहल्यावर आणलं. अंतरपाट हटला तेव्हा नाना पुढच्या रांगेत रडत होते आणि ते लपवायला त्यांनी फेट्याचा शेमला वापरला. सुमीनं अक्षता झेलत अण्णांच्या दिशेनं दोन्ही हात जोडले.

पंगतीत दोघांना शेजारी बसवलं होतं. जिलेबीवर नानांनी फोन काढला, मामानंही काढला. दोघांनी एकमेकांच्या फोनवर दोन-चारदा पान उघडून बघितलं. मग नाना म्हणाले, "अण्णानं फशिवलं राव आपल्याला."

"फशिवलं खरं," मामा म्हणाला. "जिलेबी घ्या."

आता माझ्या वर्गात कोणतं साधन शिकू असं कोणी विचारलं, की मी उलट विचारते: तुझं असं काय आहे जे झाल्याशिवाय लग्न होणार नाही? ते आधी ठरव, मग स्थळं बघ. ही अण्णांची परीक्षा. माझी जुनी उत्तरं मी केव्हाच पुसून टाकली.

त्या दिवशी मांडवात जेवणं आटोपली. मी माईकशेजारी अण्णांजवळ बसले होते, तेवढ्यात नानांच्या पत्नी, यमुनाकाकू, हातात फोन घेऊन आल्या. "माझं कवा येतं गं वर?" मी पान उघडत राहिले, आणि बऱ्याच खेपांनी आलं: यमुनाबाई. काकूंनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. "पत्रिकंत मी आजवर नुसती 'सौ.' व्हते," त्या म्हणाल्या. अक्षरांवरून त्यांनी बोट फिरवलं तसं पान सरकलं, म्हणून दचकून हात मागे घेतला.

मग त्या अण्णांकडे वळल्या. "समद्या गावाची नावं घेतली तुमी माईकवर. आमच्या मैतरणीचं कवा घेतलं?"

अण्णांनी मान खाली घातली. "ती असायची की मांडवात. मागं, बायकांत. आपल्याच बायकूचं नाव आपुन कसं घ्यायचं, म्हणून... लाज वाटायची."

"आता कुणाची लाज?"

मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. अण्णांनी माईक उचलला, नेहमीसारखा टिचकी मारून पाहिला, घसा साफ केला. तोंडून आलं ते एवढंच.

"शांता."

पुढे ना आगमन, ना स्वागत. इतकी वर्षं शेजारी राहून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

खुर्च्या उचलणारा एकजण थांबला. मांडवात असं नुसतं नाव पुकारलं जातं ते पोर चुकलं तरच. त्यानं तिथूनच ओरडून विचारलं, "अण्णा, कुणी हरवलंय का?"

"व्हय रं," अण्णा म्हणाले. "लई दिवस झालं."