दुसऱ्या ठोक्यावरची टाळी

स्वयंपाकघरात घड्याळजींनी सलग तिसऱ्या दिवशी टाळी चुकवली, तेव्हा बायकोने हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"अहो, पहिल्या ठोक्यावर नाही, दुसऱ्यावर. मग चौथ्यावर."

"चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करतोय मी. ठोके मला शिकवू नकोस."

"घड्याळाचं काय, त्याला सगळे ठोके सारखेच."

त्यांच्या चर्चमध्ये सकाळी गोरी मंडळी जमायची आणि ऑर्गनच्या साथीने, पापणीही न हलवता गायची. दुपारी जमायची ती दूरदेशाहून येऊन स्थायिक झालेली काळी मंडळी. ती ढोल, टाळ्या आणि नाचत्या पावलांसकट गायची. आता पाळकसाहेबांनी दोन्ही उपासना एकत्र करायचं ठरवलं होतं. गायकवृंद एक, म्हणजे प्रमुखही एकच. सकाळचे प्रमुख घड्याळजी, दुपारच्या टेलरबाई, आणि निवड पाळकसाहेब पहिल्याच एकत्र रविवारी करणार होते. जागा गेली तर रविवारी करायचं काय, हे घड्याळजींना सुचेना. म्हणून त्यांनी आपल्या अठरा गायकांना गुपचूप टाळ्या शिकवल्या. दुपारच्यांची मनं जिंकली की काम फत्ते.

रविवारी गीत सुरू झालं आणि अठरा जणांनी टाळी दिली. दुपारची मंडळी मात्र खांबासारखी उभी. ढोल घरी, पुस्तकं हातात, नजर नाकासमोर.

"रागावलेत वाटतं," घड्याळजी पुटपुटले. "जोरात वाजवा."

जोर वाढला तसा ताल सुटला. निम्मे पहिल्या ठोक्यावर, निम्मे दुसऱ्यावर, आणि ऑर्गनवाला बिचारा मधल्यामधे. घड्याळजींनी हौसेने एक पाऊलही टाकलं, ते नेमकं शेजाऱ्याच्या बुटावर पडलं.

शेवटी दुपारच्या रांगेतून टेलरबाईंची म्हातारी आई पुढे निघाली.

"आई, हलू नकोस ना," टेलरबाई कुजबुजल्या. "ठरलंय ना, त्यांच्यासारखं गायचं?"

"तीन आठवडे नाही हलले. पण हे मला बघवत नाही."

आजींनी काठी बगलेत मारली, घड्याळजींची दोन्ही मनगटं धरली आणि बरोबर दुसऱ्या ठोक्यावर त्यांच्याच हातांची टाळी वाजवली. मग चौथ्यावर. अठरा जण हळूहळू ताळ्यावर आले. मग दुपारच्यांनाही राहवेना, पुस्तकं बाकांवर गेली आणि पावलं हलू लागली. टेलरबाईंनीही याच जागेपायी आपल्या माणसांचे पुतळे केले होते, हे घड्याळजींना आत्ता उमगलं. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनाही हसू आवरेना.

उपासनेनंतर दोघं पाळकसाहेबांसमोर उभे राहिले.

"निवड झाली," ते म्हणाले. "आजी."

"पण तिला नोटेशन कुठे वाचता येतं?" टेलरबाई म्हणाल्या.

"ते तुम्ही दोघं वाचून दाखवा."

घड्याळजींचा चेहरा पडला. आजींनी काठीचं टोक त्यांच्या दिशेने वळवलं.

"आणि तुम्ही हो, रविवारी तासभर आधी या. टाळी अजून कच्ची आहे तुमची."

पुढच्या रविवारी घड्याळजी दीड तास आधी जाऊन बसले.