तिसरा शेरा

मंगळवारी सकाळी दाढी करताना भिंगसाहेबांना आपल्या दंडावर तीन लाल पुटकुळ्या एका रांगेत दिसल्या, आणि त्यांनी जागच्या जागी निर्णय घेतला की हे पित्त आहे. (निर्णय ते नेहमी जागच्या जागीच घेत. विचार वगैरे करायला हाताखाली दोन कारकून होते.)

भिंगसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते आरोग्य खात्यात लॉज-तपासनीस होते आणि खिशात कायम एक भिंग बाळगायचे, म्हणून शहरातल्या समस्त लॉजवाल्यांनी त्यांचं हे बारसं केलं होतं. खोलीत शिरायचं, गादीची शिवण उलटी करायची, भिंग लावायचं, नाक मुरडायचं आणि मग त्याच पलंगावर ऐसपैस बसून शेरा लिहायचा, ही त्यांची पद्धत. कागदपत्रांची चामड्याची बॅग शेजारी उशीला टेकलेली. लॉजच्या फरशीवर आपली बॅग ठेवायची म्हणजे त्यांना अंगावर काटा यायचा. बसतो त्या गादीबद्दल मात्र काटा येत नसे, हे कोडं त्यांना कधी पडलं नाही.

पण शेरा लिहिण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. "मालकाने ढेकूण पाळले असून त्यांची निगा उत्तम राखली आहे," असले शेरे ते लिहायचे आणि कारकुनांना मोठ्याने वाचून दाखवायचे. (कारकून हसायचे. त्यांना नोकरी टिकवायची होती.) प्रत्येक शेऱ्याची शेवटची ओळ ठरलेली : सुधारणेस वाव नाही. असे तीन शेरे पडले की लॉजला कुलूप. चौदा वर्षांत त्यांनी सात कुलपं लावली होती, आणि किल्ल्यांचा जुडगा कचेरीत आपल्या खुर्चीमागेच टांगून ठेवला होता.

गंमत अशी की पहिल्या फेरीत त्यांना सहसा काही सापडायचं नाही. तीन आठवड्यांनी फेरतपासणीला गेले की मात्र हटकून सापडायचं. "आमची नजर मुरते," असं ते सांगायचे. ऐकणारे मान डोलवायचे.

आठवा नंबर आता बस स्टँडमागच्या मावशींचा होता. मावशी साठीच्या. नवरा गेल्यावर नऊ खोल्यांचं लॉज एकटीने चालवायच्या आणि वरच्या मजल्यावर राहायच्या, म्हणजे लॉजला कुलूप पडलं तर मावशींचा संसारही रस्त्यावर. दोन शेरे पडले होते. तिसऱ्या शेऱ्याची तपासणी येत्या शुक्रवारी होती.

दुसऱ्या शेऱ्याच्या वेळी मावशी हळूच म्हणाल्या होत्या, "साहेब, राग मानू नका, पण तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा माझ्याकडे एक ढेकूण नव्हता. तुम्ही येऊन गेलात की निघतात. मी मरमर मरून साफ करते, तुम्ही येता, पुन्हा निघतात. आणि ज्या पलंगावर तुम्ही लिहायला बसता ना, नेमके तिथेच."

"म्हणजे माझ्या स्वागताला येतात म्हणा की," भिंगसाहेब म्हणाले आणि हे वाक्यही त्यांनी शेऱ्यात घालून टाकलं.

असा हा माणूस मंगळवारी दंड चोळत बाहेर आला आणि बायकोला म्हणाला, "पित्त उठलंय. आज चहा नको."

बायकोने दंड पाहिला. "पित्त असं ओळीने येतं का हो? शाळेतल्या पोरांसारखं?"

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाही. तुम्ही आहात?" असं म्हणून ती आतल्या खोलीत गेली, आणि पाच मिनिटांनी झाकण लावलेली काचेची बरणी घेऊन आली. तळाशी मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी तपकिरी फिरत होतं. "हे घ्या तुमचं पित्त. उशीखाली सापडलं. चांगलं चालतंय."

भिंगसाहेबांनी खिशातलं भिंग काढलं नाही. त्याची गरजच नव्हती. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लोकांच्या गाद्या उलट्यापालट्या करणाऱ्याच्या गादीत ढेकूण. हे बाहेर फुटलं तर शहरातले लॉजवाले वाजतगाजत वरात काढतील. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, यावर या गृहस्थाचा आजवरचा संसार चालला होता, आणि आता नेमकं झाकण उघडलं होतं.

पण दोष दुसऱ्यावर ढकलायला त्यांना नेहमीप्रमाणे दीड मिनिट पुरलं. "तुझा भाऊ," ते म्हणाले. "त्याच्या त्या कळकट सॅकमधून आले."

"तो येऊन गेला त्याला पाच महिने झाले. आणि तो झोपला होता बाहेर सोफ्यावर. सोफ्यात एक तरी आहे का, बघा जाऊन."

भिंगसाहेबांनी बघितलं नाही, थेट मेहुण्याला फोन लावला आणि त्याच्या सात पिढ्यांच्या स्वच्छतेचा उद्धार केला. मेहुण्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"दाजी," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा दुपारी तुमच्या पलंगावर जरा पडलो, तर मलाच आठ दिवस खाज सुटली होती. वाईट दिसेल म्हणून बोललो नाही."

यावर बायकोने नवऱ्याशी बोलणं बंद केलं. फक्त एकच अट सांगितली : चूक कुणाची ते सिद्ध करा, नाहीतर माझ्या भावाची माफी मागा.

फवारणीवाल्याला बोलावणं शक्य नव्हतं, कारण शहरातले सगळे फवारणीवाले साहेबांना चेहऱ्याने ओळखत. खात्याने घरोघर वाटलेली 'ढेकूण : ओळख आणि उपाय' ही पुस्तिका घरात होती. तिच्या दुसऱ्याच पानावर साहेबांचा फोटो छापलेला होता, आणि त्यामुळेच त्या पानापुढे जायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती. ती आज वाचली असती तर पुढचं रामायण टळलं असतं. पण आपलाच फोटो असलेलं पुस्तक वाचून शिकायचं म्हणजे कमीपणा. म्हणून बुधवारी दुपारी ते हेल्मेट घालून धुराचे डबे आणायला दुकानात गेले.

"एका मित्रासाठी हवेत," ते काच न उघडता म्हणाले.

"देतो ना साहेब," दुकानदार म्हणाला. "हेल्मेट काढलंत तर नीट ऐकू येईल."

एका खोलीला एक डबा, असं डब्यावर लिहिलं होतं. साहेबांनी चार पेटवले. दार लावून घेतलं, फटीला टॉवेल कोंबला आणि बाहेर सोफ्यावर पेपर वाचत बसले. खिडकी लावायची राहिली होती. दहाव्या मिनिटाला समोरच्या इमारतीतून कोणीतरी अग्निशामक दलाला फोन केला आणि पंधराव्या मिनिटाला घंटा वाजवत लाल गाडी फाटकाशी आली. आख्खी कॉलनी गॅलरीत उभी.

"काय जळतंय?" जवानाने विचारलं.

"काही नाही. स्वयंपाक चाललाय."

"बेडरूममध्ये?"

तेवढ्यात बायकोने कालपासूनचं मौन सोडलं. "ढेकूण आहेत हो घरात," ती तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हे त्यांना धुरी देतायत." झाकली मूठ तिथेच उघडली.

आणि धुराने ढेकूण मेले म्हणाल, तर तेही नाही. धूर नको म्हणून ते शहाण्यासारखे उठून बाहेरच्या खोलीत आले. गुरुवारी सकाळी सोफ्याच्या शिवणीत पाच सापडले. साहेबांनी हुशारी केली नव्हती तोवर बिचारे एका पलंगात सुखाने नांदत होते.

आता बायकोने कोणाला न विचारता फवारणीवाला बोलावला. तो मशीन घेऊन आला, पलंगाचा डोक्याकडचा भाग सुटा केला आणि टॉर्च मारून म्हणाला, "घाणीचा यात काही संबंध नसतो, वहिनी. ढेकूण सामानाबरोबर प्रवास करून येतो. इथे डोक्याशी सगळ्यात दाट वस्ती आहे बघा. काळे ठिपके, खसखशीसारखी अंडी. इथे काय ठेवता?"

"यांची ऑफिसची बॅग टांगलेली असते," बायको म्हणाली.

"मग ती बघू."

भिंगसाहेबांनी बॅग छातीशी धरली. "यात सरकारी कागद आहेत. खाजगी माणसाला दाखवता येत नाहीत."

"कागद नको हो, शिवण दाखवा."

"शिवणही सरकारी आहे," साहेब म्हणाले. फवारणीवाला पुन्हा पलंगाकडे वळला. त्याने सांगितलं, दोन दिवस घर रिकामं करा, कपडे कडक गरम पाण्यातून काढा, आणि अंडी फुटतात म्हणून मी पंधरा दिवसांनी पुन्हा येईन.

घर रिकामं करायचं, पण जायचं कुठे? मेहुण्याचं दार साहेबांनी स्वतःच बंद केलं होतं. लॉजमध्ये जावं, तर सातांना कुलूप, आणि उरलेली सगळी "मनुष्यवस्तीस अयोग्य" अशी त्यांच्याच अक्षरात सरकारदप्तरी नोंदलेली.

"उतरण्यालायक असं एकही लॉज ठेवलं नाहीत शहरात," बायको म्हणाली. "मी मावशींकडे चालले. यायचं तर या."

साहेब मनातून खूश झाले. नाहीतरी उद्या मावशींची तपासणी होतीच. दोन रात्री राहायचं, फुकट चहा घ्यायचा आणि निघताना तिसरा शेरा मारायचा. एका बाईचं घर बंद करायला आपण तिच्याच घरी मुक्कामाला चाललो आहोत, हे त्यांच्या मनात आलंही नाही. लाज ही चीज त्यांच्या खात्यात मंजूरच नव्हती.

मावशी दारातच उभ्या होत्या. पायरीवर पांढरी चादर पसरलेली, शेजारी वाफेचं मशीन. "या वहिनी. साहेब, या. फक्त सामान आधी चादरीवर. दुसऱ्या शेऱ्यापासून सगळ्यांनाच हा नियम आहे."

"मलासुद्धा?"

"तुमच्याच पुस्तिकेत आहे," मावशी म्हणाल्या आणि पदराला पुसून चष्मा लावला. पुस्तिकेची पानं वाचून वाचून मऊ झाली होती. "पान नऊ. 'बाहेरून आलेली बॅग कधीही पलंगावर ठेवू नये. तपासनिसांनी याची विशेष काळजी घ्यावी.' पान दोनवर तुमचा फोटो आहे. छान आलाय."

मग त्यांनी एक वही काढली. साहेब कोणत्या तारखेला आले, कोणत्या खोलीत बसले, बॅग कुठे ठेवली, आणि त्या खोलीत ढेकूण कधी निघाला. चारही वेळा खोली तीच, पलंग तोच आणि बाजूही उशीचीच. मावशींच्या आवाजात राग नव्हता. "उद्या माझं घर बंद होणार आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "त्याआधी एकदा ती बॅग बघू द्या. एवढंच मागते."

"सरकारी कागद..." साहेबांनी सुरुवात केली. तोवर बायकोने त्यांच्या हातातून बॅग ओढून चादरीवर उपडी केली होती.

कागद पडले, शिक्के पडले, आणि मग मावशींनी शिवणीवर वाफ धरली. अस्तराच्या आतून एक निघाला, दोन निघाले, मग सहकुटुंब सहपरिवार सगळेच निघाले. मोजायला साहेबांचंच भिंग वापरलं. एकोणतीसपर्यंत मोजून बायकोने नाद सोडला.

साहेब पायरीवर बसले. नजर मुरायची म्हणजे काय व्हायचं, ते आत्ता त्यांच्या डोक्यात शिरलं. पहिल्या फेरीत सोडायचे आणि तीन आठवड्यांनी पकडायचे. सात लॉज. सात कुलपं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मनापासून लाज वाटली, आणि सवय नसल्यामुळे ती कुठे ठेवावी ते कळेना.

"तिसरा शेरा आत्ताच लिहा," बायको म्हणाली.

त्यांनी लिहिलं : ढेकूण आढळले नाहीत.

"असं कसं, साहेब?" मावशी म्हणाल्या. "आढळले की. खोटं कशाला लिहायचं?"

त्यांनी पुढे लिहिलं : एका ग्राहकाच्या सामानात आढळले.

"कुठल्या ग्राहकाच्या?" बायकोने विचारलं.

मग भिंगसाहेबांनी 'एका ग्राहकाच्या' खोडून 'तपासनिसाच्या' असं लिहिलं आणि सही केली. बायकोने पुढ्यात फोन धरला. "आता माझ्या भावाला लावा. आणि उद्या तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन सात ठिकाणी जायचंय. मी येणार आहे बरोबर."

पण त्याआधी मावशींच्या नियमाप्रमाणे अंगावरचे कपडे गरम पाण्यात गेले. बायको तिचे आटोपून, मावशींचं पातळ नेसून, खोलीत चहा पीत बसली. साहेब चादर गुंडाळून दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर कपडे वाळायची वाट बघत बसले. गादीवर बसायची त्यांना अजून परवानगी नव्हती.

मावशी मुक्कामाचं रजिस्टर सहीला घेऊन आल्या. साहेबांच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात त्यांनी गोल, सावकाश अक्षरात लिहिलं होतं : सुधारणेस वाव आहे. तीन आठवड्यांनी फेरतपासणी.

साहेबांनी 'आहे'वर बोट ठेवून ते वाचलं. त्यांनी सही केली आणि रजिस्टर आत बायकोला दाखवलं.

तिने ते दोनदा वाचलं. "मावशी स्वभावाने फार भोळ्या आहेत," ती म्हणाली आणि दार लोटून घेतलं.