सुभेदारांच्या पहाऱ्यातल्या प्लेटा

सुभेदार सयाजी निकमांचं टाळकं सटकलं होतं. उभ्या फौजी नोकरीत त्यांच्या पहाऱ्यातून खिळासुद्धा हलला नव्हता. आणि आता लोणंदच्या कापड रंगवायच्या कारखान्यात राखण करताना त्यांच्या नाकावर टिच्चून लोखंड चोरीला जात होतं!

कारखान्याचं रंगीत सांडपाणी ओढ्याला सोडण्याआधी एका टाकीत येई. तिथं टांगलेल्या लोखंडी प्लेटांतून वीज सोडली की रंगाचा गाळ होऊन पाणी नितळ व्हायचं. पण जाडजूड प्लेटा महिन्याभरात पत्र्यासारख्या झाल्या होत्या. चोर इतका नालायक, की अख्खी प्लेट न नेता वरवर तासून नेत होता!

संशय टाकी चालवणाऱ्या ऋषिराजवर.

"डबा दाखीव."

"आवं सुभेदार, डब्यातनं लोखंड नेऊन मी काय कालवण करू व्हय?"

"मग प्लेटा गेल्या कुटं?"

"मला काय ठावं? मी नुसतं बटण दाबतो."

शेवटी सुट्टीच्या दिवशी सुभेदारांनी फौजी उपाय केला. प्लेटांना तांबड्या ऑइलपेंटचे दोन हात मारले. आता कुणी खरवडलं की लगेच कळणार! आणि खरंच, त्यानंतर प्लेटा रेसभर झिजल्या नाहीत. सुभेदारांनी मिशीला पीळ दिला.

चौथ्या दिवशी ओढ्याकाठच्या सुलाबाई फाटकावर आल्या त्या शेळी ओढतच.

"पांढरी शेळी वड्यात पडली आन् ही आशी निघाली! शेळी हाय का वांगं?"

शेळी नखशिखांत जांभळी होती. निरोप मिळताच टाकी बसवणाऱ्या इंजिनिअर राजनंदिनी पुण्याहून धावत आल्या. टाकीत डोकावून त्यांनी कपाळावर हात मारला.

"प्लेटांना रंग कुणी दिला?"

"मी! दोन हात."

"सुभेदार, प्लेटा झिजायलाच हव्यात. लोखंड विरघळतं, रंगाला धरतं आणि त्याला घेऊन तळाला बसतं. तुमच्या पेंटमुळं वीज पाण्यात उतरलीच नाही!"

"मग हे आदी सांगाय काय झालतं?" सुभेदार कडाडले. "मी हितं रोज या पोराचा डबा हुंगतोय!"

पण रागारागानं का होईना, तारेचा ब्रश घेऊन सगळा रंग त्यांनीच खरवडला. ओढा निवळला. शेळी मात्र रंग उतरेपर्यंत सुलाबाईंनी फाटकालाच बांधून ठेवली.

पुढं झिजलेल्या प्लेटा बदलायची वेळ आली. ऋषिराज उरलेला तुकडा भंगारात भिरकावणार, तोच सुभेदार गरजले, "खाली ठिव! भंगार न्हाई ती. ड्युटीवर कामी आलीया!"

टोपी सरळ करून त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. शेळीसुद्धा रवंथ थांबवून बघत राहिली. ऋषिराजला भरून आलं. डोळे पुसत तो घरी जायला वळला.

"थांब," सुभेदार म्हणाले. "डबा दाखीव."